काळा पडदा आणि बाळबोध अक्षर

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आमच्या इंदुरातही त्याचा आनंद यथासांग साजरा झाला. तो व्हायलाच हवा होता. परंतु तेव्हापासून व्याख्यानांतून आणि लेखांतून एक विधान पुनःपुन्हा कानी येऊ लागले आहे, आणि त्याचा प्रतिवाद कोणीतरी करणे मला आवश्यक वाटते. ते विधान असे की, संगणकावरील मराठीचा प्रश्न आता सुटलेला आहे. युनिकोड आले, नातवंडे भ्रमणध्वनीवर मराठीत लिहू लागली, वर्तमानपत्रे पडद्यावर वाचता येऊ लागली. तेव्हा यापुढे चिंता साहित्याची करावी, अक्षरांची नव्हे. हे विधान करणाऱ्यांनी संगणकाचा काळा पडदा पाहिलेला नसावा. किंवा पाहिला असेल, तर तो आपला नव्हे असे मानून त्याकडे पाठ फिरवली असावी.

हा काळा पडदा म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. युनिक्स घराण्यातील ज्या प्रणाली आज प्रचारात आहेत, त्यांत लिनक्स ही सर्वांत परिचित. तिच्यावर आपण चित्रे, खिडक्या, बाण यांच्या साहाय्याने काम करतो, तो केवळ वरचा मजला होय. त्याच्या खाली एक साधा, केवळ अक्षरांचा पडदा असतो. त्याला कन्सोल म्हणतात. लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळी एकत्र दाबल्या की तो समोर येतो. एरवी त्याचे दर्शन घडत नाही. चित्रांचा मजला कोसळला, तबकडी बिघडून तपासणी सुरू झाली, नवी प्रणाली चढवताना अडथळा आला, किंवा ज्यावर चित्रांचा मजला मुळी बांधलेलाच नाही असा सर्व्हर हाताळायचा झाला, तर संगणक आपल्याशी बोलतो तो याच पडद्यावरून. घरातील फ्यूजची पेटी जिन्याखाली असते, तिथे कोणी पाहुण्यांना बसवीत नाही; पण दिवे गेले की सारे घर तिच्याकडेच धावते. कन्सोलचे स्थान तसे आहे.

आणि या पडद्यावर मराठी नाही. म्हणजे अशुद्ध मराठी आहे, ओबडधोबड मराठी आहे, असे नव्हे. मुळीच नाही. देवनागरीचे अक्षर आले की त्याच्या जागी एक ठोकळा किंवा प्रश्नचिन्ह उमटते. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक कान्याला, वेलांटीला तोच एक ठोकळा.

याने काय बिघडते, असे विचारणारे विचारतात. एक उदाहरण घेऊ. एखाद्या गृहस्थाने आपल्या कागदपत्रांच्या प्रती संगणकात ठेवल्या आहेत आणि त्यांना स्वच्छ मराठी नावे दिली आहेत, जसे आपण सारे एकमेकांना सांगत असतो की द्यावीत. त्यांतील एक ‘मृत्युपत्र’ आणि दुसरे ‘बक्षीसपत्र’. संगणक एके दिवशी चित्रांच्या मजल्यावर जाईनासा होतो, तबकडी काठोकाठ भरलेली आहे, आणि काळ्या पडद्यावरून काही फाइली पुसल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही. युनिकोडच्या हिशेबाने ‘मृत्युपत्र’ या शब्दात दहा खुणा आहेत. ‘बक्षीसपत्र’ या शब्दातही दहाच. वाचकांनी हवे तर बोटांवर मोजून पाहावे. पाय मोडण्याची खूण स्वतंत्र धरावी. २०२५ पूर्वीच्या कर्नेलांवर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावर, ही दोन नावे दहा-दहा ठोकळ्यांच्या दोन एकसारख्या ओळी म्हणून दिसतात. यांतली कोणती पुसायची? इंग्रजी नावे देणाऱ्या शेजाऱ्यावर हा प्रसंग कधीच येत नाही. मग तज्ज्ञ मंडळी सल्ला देतात की, महत्त्वाच्या फाइलींना मराठी नावे देऊच नयेत. म्हणजे भाषा अभिजात, पण महत्त्वाच्या कामाला लावू नये!

हा सल्ला मला नवा नाही. राज्य शासनाच्या सेवेत असताना १९९० च्या दशकात एका कार्यालयात असेच काळे पडदे आले. खातेदारांची नावे रोमनात चढवावी लागत. के, ए, एल, ई अशी चार रोमन अक्षरे नोंदवहीत बसली की तो गृहस्थ काळे, काले की कळे, हे यंत्राच्या लेखी संपले. मध्य प्रदेशात मराठी माणसाच्या आडनावातला ‘ळ’ तसाही सुखाने नांदत नाही. यंत्राने त्याला कायमची रजा दिली. वरिष्ठांचे म्हणणे असे की यंत्राची मर्यादा आहे, इलाज नाही. ती मर्यादा कोणी घातली, केव्हा घातली आणि ती हलवता येते काय, हे विचारण्याची पद्धत कार्यालयात नव्हती. साहित्यसंस्थांत तरी ती असावी.

मर्यादेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. काळ्या पडद्यावर एका ओळीत ऐंशी अक्षरे असण्याची रूढी आयबीएमच्या १९२८ च्या ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रापर्यंत मागे नेता येते. पुढे १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा व्हीटी-१०० हा टर्मिनल आला, त्याचा पडदा ऐंशी रकाने आणि चोवीस ओळींचा होता. १९८७ च्या व्हीजीए पडद्याने पंचवीस ओळी आणि प्रत्येक अक्षरासाठी उभ्या सोळा ठिपक्यांची चौकट रूढ केली. प्रत्येक चौकटीत कोणते अक्षर, हे एका बाइटने सांगायचे. म्हणून एका वेळी २५६ आकृती. अधिक हव्या असतील तर रंगासाठी ठेवलेला एक बिट उसना घ्यायचा, म्हणजे ५१२ होतात, मात्र अक्षरांचे सोळा रंग घटून आठ उरतात. हा हिशेब त्या काळच्या स्मृतीच्या किमतीचा होता आणि त्या काळी तो रास्त होता.

परंतु आजचा कन्सोल व्हीजीएच्या त्या अक्षरस्मृतीवर चालत नाही. २००९ पासून लिनक्स कर्नेल स्वतःच पडद्याची मांडणी ठरवू लागले आणि अक्षरे ठिपक्याठिपक्यांनी रंगवली जाऊ लागली. ज्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके हवे तसे रंगवता येतात, तिथे ५१२ आकृतींचे कुंपण ठेवण्याचे कारण यंत्रात उरलेले नाही. तरी लिनक्सच्या कन्सोलमध्ये ते कुंपण आहे, कारण प्रत्येक चौकटीचा हिशेब अजूनही त्याच जुन्या सोळा बिटांच्या खतावणीत मांडला जातो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्ससदृश प्रणालीने आपला कन्सोल नव्याने लिहिला, २०१६ च्या अकराव्या आवृत्तीपासून तोच नेहमीचा केला, आणि त्यात चिनी-जपानी अक्षरांसाठी दुप्पट रुंदीच्या चौकटींची सोय ठेवली. तेव्हा ‘हे होतच नाही’ असे म्हणण्यास जागा नाही.

येथे अक्षरांच्या आकाराकडे थोडे वळतो. हा प्रश्न लिपीच्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ आहे, आणि साठी ओलांडलेल्या आमच्या सभासदांना तो अधिक जवळचा वाटेल. जुन्या चौदा इंची काचेच्या पडद्यावर ऐंशी अक्षरांची ओळ पसरली की एकेका चौकटीला सुमारे सव्वातीन मिलिमीटर रुंदी मिळे. आज साडेपंधरा इंचांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. आठ बाय सोळा ठिपक्यांचा तोच जुना फॉन्ट तिथे ठेवला तर एका ओळीत २४० अक्षरे आणि एकूण ६७ ओळी बसतात. चौकट दीड मिलिमीटरहून अरुंद होते. पडदा ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा असेल तर ४८० अक्षरे आणि १३५ ओळी, आणि चौकट पाऊण मिलिमीटरची. पंचांगातील तळटीपाही याहून मोठ्या असतात. यंत्र सुधारत गेले आणि वाचणाऱ्याला अक्षर मात्र दरवेळी लहान होऊन मिळाले.

यावर दुकानदार आणि हौशी मदतनीस जो उपाय सांगतात तो चुकीचा आहे. ते म्हणतात, पडद्याची घनता कमी करा, १०२४ बाय ७६८ वर आणा. कर्नेलला ‘व्हीजीए बरोबर ७९१’ असा आकडा द्यावा, ही जुनी युक्ती अजून लोकांच्या वह्यांत आहे. काचेच्या पडद्याला ते चालत असे. सपाट पडद्याचे ठिपके मोजून बसवलेले असतात. कमी घनतेचे चित्र ताणून बसवले की अक्षर मोठे होते खरे, पण त्याच्या कडा विरतात आणि डोळ्यांचा त्रास दुणावतो. शिवाय कर्नेल आता पडद्याची मांडणी स्वतः करते, त्यामुळे तो आकडा बहुधा निरुपयोगीच ठरतो. योग्य मार्ग पडद्याला हात न लावता फॉन्ट मोठा करण्याचा. डेबियन आणि उबुंटू या कुळांत ‘कन्सोल-सेटअप’ नावाचे पॅकेज पुन्हा जुळवण्याची आज्ञा दिली की ते लिपीसंच, फॉन्टचे नाव आणि आकार क्रमाने विचारते. तिथे टर्मिनस हा फॉन्ट आणि सोळा बाय बत्तीस हा आकार निवडावा. फेडोरा, आर्च इत्यादींत ‘व्हीकन्सोल’ नावाच्या फाइलीत फॉन्टची एक ओळ असते, ती बदलावी. तात्पुरते पाहायचे असेल तर ‘सेटफॉन्ट’ ही आज्ञा पुरते. १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर मग १२० अक्षरे आणि ३३ ओळी राहतात, आणि चष्मा बदलण्याचा विचार पुढे ढकलता येतो. २०१९ च्या पाचव्या कर्नेलपासून हाच मोठा टर्मिनस गाभ्यातच अंतर्भूत करण्याची सोय झाली आहे. २०२३ मध्ये तर चौसष्ट बाय एकशे अठ्ठावीस ठिपक्यांपर्यंतच्या अक्षरांना कर्नेलने दार उघडले.

हे दार कसे उघडले, ते पाहावे. कोणीतरी तक्रार करून न थांबता बदल लिहिले, ते गाभ्याच्या राखणदारांपुढे ठेवले आणि ते स्वीकारले गेले. आकाराच्या बाबतीत जे झाले ते लिपीच्या बाबतीत का झाले नाही, हा माझा प्रश्न आहे.

मघा म्हटलेले कन्सोल-सेटअप जेव्हा लिपीसंच विचारते, तेव्हा त्याची यादी नीट वाचावी. तीत लॅटिनचे अनेक संच आहेत. सिरिलिकचे तीन आहेत. ग्रीक, हिब्रू, अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, व्हिएतनामी आहे. थाई आहे, लाओ आहे, इथिओपियन आहे. देवनागरी नाही. केवळ देवनागरीच नव्हे, तर गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, यांपैकी भारतातली एकही लिपी तिथे नाही. इथिओपियाच्या लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपे, म्हणजे दोनशेहून अधिक आकृती. तरी ती ५१२ च्या कुंपणात बसवली गेली. थाई लिपीत आपल्याप्रमाणेच अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी स्वरखुणा चढतात. तरी तिचे नाव यादीत आहे. ज्या डेबियनचे प्रतिष्ठापन मराठीतून करता येते म्हणून आपण अभिमान बाळगतो, त्याच्याही अक्षरी प्रतिष्ठापनात मराठी मिळत नाही. तिच्यासाठी चित्रमय पद्धतच घ्यावी लागते.

आता या पॅकेजचा आणि या फॉन्टचा जन्म कुठला, हे सांगितले तर वाचकांना आश्चर्य वाटेल. टर्मिनस काढला दिमितार झेकोव्ह यांनी, कन्सोल-सेटअप रचले अँटन झिनोव्हिएव्ह यांनी, दोघेही बल्गेरियाचे. २०२१ च्या जनगणनेत बल्गेरियाची लोकसंख्या पासष्ट लाखांच्या आसपास होती. आमच्या २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. पासष्ट लाखांच्या देशाने जगभरच्या काळ्या पडद्यांना वाचनीय सिरिलिक आणि लॅटिन अक्षर पुरवले, आणि आठ कोटींच्या भाषेला आपले अक्षर तिथे नाही याची खबरही नाही. पुण्या-मुंबईत संगणकतज्ज्ञ थोडे नाहीत. त्यांना इंग्रजी येते, हीच अडचण आहे. ज्याला इंग्रजी येते त्याला काळ्या पडद्यावर अडत नाही, आणि ज्याला अडते त्याला तो पडदा दुरुस्त करता येत नाही.

तज्ज्ञांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ते म्हणतात, देवनागरी चौकटीत बसणारी लिपी नव्हे. कन्सोल एका चौकटीत एकच आकृती मांडतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते पण नोंदली जाते नंतर, ‘कु’ला उकार खाली लटकतो, ‘र्क’चा रफार डोक्यावर बसतो. प्रत्येक व्यंजन प्रत्येक मात्रेसह आणि अनुस्वारासह स्वतंत्र आकृती म्हणून काढायचे ठरवले तर ५१२ कुठल्या कुठे संपतात. हे खरे आहे. पण यावरून निघणारा ‘म्हणून अशक्य’ हा निष्कर्ष खरा नाही, आणि तो खरा नाही हे टंकलेखन यंत्रावर ज्यांची बोटे झिजली त्यांना कोणी शिकवायला नको.

रेमिंग्टनच्या देवनागरी यंत्राला कळी किती? शेहेचाळीसच्या घरात, आणि प्रत्येकीवर दोन खिळे. म्हणजे नव्वदीच्या आसपास आकृती. यंत्राची गाडी दर ठोक्याला सारख्याच अंतराने सरकणारी, म्हणजे चौकटीच चौकटी. तरी त्या नव्वद आकृतींत या देशातील राज्यांचा कारभार कित्येक दशके चालला. कसा? काही कळी अशा होत्या की त्या दाबल्या तरी गाडी सरकत नसे. उकार, मात्रा, अनुस्वार अशा खुणा गाडी न हलवता उमटत, आणि व्यंजन त्याच जागी येऊन बसे. अर्धी अक्षरे दंडाविना काढलेली. पुढे काना जोडला की ती पूर्ण होत. अक्षर सुंदर नव्हते. ‘द्ध’ आणि ‘ह्म’ यांची दशा पाहून शास्त्रीबुवांना दुःख होई. पण आदेश वाचता येत असे. कन्सोलला हवे आहे ते एवढेच: चौकट न सरकवता त्याच चौकटीवर दुसरी आकृती उमटवण्याची परवानगी, आणि ५१२ चे कुंपण मागे सरकवणे. ठिपक्यांनी रंगवलेल्या पडद्यावर दुसरी आकृती पहिलीवर रंगवण्यास कोणतीही लोखंडी अडचण नाही. जे कारकुनाच्या टेबलावरच्या लोखंडाला जमले, ते आजच्या संगणकाला जमत नाही असे सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या अज्ञानावर विसंबणे होय.

आणि पडद्यावर हे एकदा झालेलेही आहे! कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत गेले आणि जिस्ट कार्ड या नावाने बाजारात आले. ते कार्ड साध्या संगणकात खोचले की डॉसच्या त्याच काळ्या पडद्यावर, मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही, देवनागरी उमटे, मात्रा-वेलांटीसकट. त्याच काळात घडलेल्या इस्की संकेतावलीला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आजही तिचा मागोवा सांगते. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी जे पुण्यातून निघालेल्या एका कार्डाने करून दाखवले, ते आज कित्येक पटींनी बलवान यंत्रांवर होत नाही. डॉस मावळला, त्याबरोबर ते विकत घ्यायचे कार्डही मावळले; त्यामागचे ज्ञान मुक्त प्रणालींच्या कन्सोलपर्यंत पोचले नाही. दरम्यान आमच्याकडील कचेऱ्या कृतिदेव फॉन्टच्या नादी लागल्या, ज्यात लिहिलेले पत्र दुसरीकडे उघडले की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

एक गट असाही आहे जो म्हणतो, काळ्या पडद्यावर इंग्रजीच बरी. आज्ञा इंग्रजीत आहेत, तर मराठी हवी कशाला? आज्ञा इंग्रजीत राहोत. त्या मराठी करा अशी माझी मागणीच नाही. पोस्टाचा शिक्का इंग्रजीत असला म्हणून पत्त्यावरचे नाव पुसून टाकत नाहीत. फाइलीचे नाव, तिच्यातला मजकूर, वापरणाऱ्याचे नाव ही माझी आहेत आणि ती मला दिसली पाहिजेत. होळकरांच्या दफ्तरात मोडी होती. मुद्रणाच्या सोयीपुढे ती मागे पडली आणि आता तिचे वाचक शोधून आणावे लागतात. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात जागा मिळाली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, पण संकेतावलीत जागा मिळणे आणि पडद्यावर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवनागरीला युनिकोडात पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून, जागा आहे. काळ्या पडद्यावर तिला अजून पाट मांडलेला नाही.

साहित्यसंस्थांनी यात काय करावे, हे विचारले जाईल. गाभ्यातला बदल अभियंत्यांचे काम. तो व्हावा म्हणून आपल्या घरातील अभियंत्यांना, ज्यांच्या पगाराचे आकडे आपण कौतुकाने सांगतो, चार सुट्ट्या मागाव्यात. पण अक्षरे काढणे हे काम त्यांचे नव्हे, आपले आहे. सोळा बाय बत्तीसची चौकट म्हणजे आलेखवहीच्या पानाचा एक कोपरा. तीत ‘ल’ मराठी वळणाचा की हिंदी, ‘श’ची गाठ कशी, ‘ळ’ची दोन वेटोळी सोळा ठिपक्यांत सुटी कशी राहतील, ‘ऱ्या’मधला र कसा ओळखू येईल, हे ठरवायला साक्षेपी मराठी डोळा हवा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेची प्रमाण वळणे ठरवून दिलेली आहेत. ती समोर ठेवावीत. आमच्या सभेत सुलेखन शिकवणारे आहेत, निवृत्त कंपोझिटर आहेत, रेमिंग्टनवर आयुष्य काढलेले आहेत. ही पिढी आणखी पंधरा वर्षांनी नसेल.

ज्यांना हे विवेचन अतिरेकी वाटते त्यांनी पुढील अंकात अवश्य उत्तर लिहावे. मात्र दहा-दहा ठोकळ्यांच्या त्या दोन ओळींपैकी मृत्युपत्र कोणते, हे त्या उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात सांगावे.